२४ व्होल्टवरून ४८ व्होल्ट लिथियमवर जातोय, डोंगरावरचे मॉनिटर बोर्ड कशाने बदलू?

बावडेकर_नेट
नमस्कार मंडळी. गगनबावडा, राधानगरी आणि घाटाखाली वैभववाडीच्या बाजूला आमचं छोटं वायरलेस इंटरनेटचं काम आहे. कोल्हापुरातून फायबर घेतो आणि पुढं टेकडीवरून टेकडीवर ५ गिगाहर्ट्झच्या लिंक. वरच्या बऱ्याच साइटवर वीजजोडणीच नाही, सगळं सोलरवर. आजवर १२ व्होल्ट १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, साधा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा) आणि २४ व्होल्ट पॅसिव्ह पीओई (इथरनेट केबलमधूनच रेडिओला वीज) असा संसार होता. प्रत्येक पेटीत एक जुना इथरनेट मॉनिटर बोर्ड आहे: दोन व्होल्टेज इनपुट, एक तापमान, दोन रिले, एसएनएमपी (उपकरणांची मापं दुरून विचारायची पद्धत) व्हर्जन १ आणि पासवर्ड उघड्यावर पाठवणारं वेबपान.

आता नवे रेडिओ ४८ व्होल्टचे आलेत, म्हणून साइट १६ सेलच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीवर (५१.२ व्होल्ट, १०० एएच) आणि एमपीपीटी या जास्त कार्यक्षम चार्ज कंट्रोलरवर नेतोय. जुन्या बोर्डाची इनपुट मर्यादा ३० व्होल्ट, म्हणजे तो बाद. त्यात नवीन स्विचच्या पोर्टवर त्याची लिंकच लागत नाही, केबल चांगली असूनसुद्धा.

माझ्यापुढं तीन वाटा आहेत. परदेशी तयार मॉनिटर मागवायचा, ईएसपी३२ या स्वस्त मायक्रोकंट्रोलरवर स्वतः बनवायचा, किंवा वेगळा बोर्ड ठेवायचाच नाही आणि राउटर, चार्ज कंट्रोलर जे सांगतील त्यावर भागवायचं. जुलैत वर जायचं म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. उंटावरून शेळ्या हाकायच्याच आहेत, तर निदान शेळ्या दिसायला तरी पाहिजेत. कोण काय वापरतंय?

सांगलीचा_सोल्डर
लिंक न लागण्याचं आधी सांगतो. त्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर ईएनसी२८जे६० ही इथरनेट चिप असते. ती फक्त १० एमबीपीएस बोलते आणि ऑटो-निगोशिएशन (समोरच्या पोर्टशी वेग ठरवून घेणं) करत नाही. जुने स्विच १० वर उतरून हाफ डुप्लेक्समध्ये तिला सांभाळून घ्यायचे. नव्या मल्टिगिग (१ गिगाबिटच्या वरच्या) पोर्टपैकी बऱ्याच पोर्टनी १० एमबीपीएस सोडूनच दिलंय, आणि स्विचच्या एसएफपी खाचेत घालायच्या कॉपर मॉड्यूलचंही पुष्कळदा तेच. तात्पुरतं चालवायचं असेल तर मध्ये एखादा जुना १०/१०० स्विच टाक. पण ३० व्होल्टची मर्यादा आहे तिथं हा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

नवीन काय घ्यायचं हा प्रश्न त्यापेक्षा मोठा आहे. सवडीनं लिहितो.

एनओसी_ताई
धागाकर्त्याला उलटा प्रश्न: मॉनिटरनं निरोप दिल्यावर तुम्ही काय करणार आहात? बोर्ड निवडायच्या आधी हे कागदावर लिहा.

आमच्याकडे नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यात साइट आहेत. वर माणूस पाठवायची कारणं मी एकदा रजिस्टर उघडून वेगळी काढली. रेडिओ अडकला, तो पोर्ट बंद-चालू करून सुटला असता. केबल किंवा कनेक्टर गेला, म्हणजे जावंच लागतं, पण कोणती केबल ते आधी कळलं तर शिडी, क्रिम्पर आणि योग्य लांबीची केबल घेऊन एकाच फेरीत काम होतं. आणि तिसरं, बॅटरी. तिचा निरोप साइट बंद पडल्यावर येतो आणि तोवर काही करायचं राहिलेलं नसतं. मॉनिटरचा खरा पैसा वसूल होतो तो या तिसऱ्या प्रकारात, कारण बॅटरी कित्येक दिवस आधी लक्षणं दाखवत असते. फक्त ती लक्षणं पिंगमध्ये (साइट उत्तर देते का एवढंच बघण्यात) दिसत नाहीत.

म्हणून माझ्या लेखी क्रम असा: बॅटरीत जाणारा-येणारा करंट, मग पोर्टमागे पीओईचा करंट, मग तापमान. दाराचा स्विच, आर्द्रता, वाऱ्याचा वेग हे हौसेचं. (बॅटरी चोरीला जाते त्या भागात दाराचा स्विच हौसेचा नाही, हे मान्य.)

तिलारी
ताईंशी सहमत. पण मग वेगळा बोर्ड कशाला? आमच्या सगळ्या साइटवर मायक्रोटिक आहे. ज्या मॉडेलवर पीओई-आउट आहे त्यातल्या बऱ्याच मॉडेलवर राउटरओएस (मायक्रोटिकची प्रणाली) प्रत्येक पोर्टचा व्होल्टेज, करंट आणि वॅट दाखवतं. ठरलेला पत्ता पिंगला उत्तर देईना तर त्या पोर्टचा पीओई आपोआप बंद-चालू करायची सोयही त्यात आहे. सिस्टिम हेल्थमध्ये इनपुट व्होल्टेज आणि तापमान मिळतं, तेही एसएनएमपीवर. सातव्या व्हर्जनला हेल्थचे ओआयडी (एसएनएमपीतले मापांचे क्रमांक) बदललेत, तेवढे लिब्रेएनएमएस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये बघून घ्या, नाहीतर आलेख कोरे राहतात.

पोर्टच्या करंटवरून किती कळतं बघा. करंट आहे पण लिंक नाही, म्हणजे रेडिओला वीज पोचतेय आणि तो अडकलाय, किंवा डेटाची जोडी तुटलीय. करंट शून्य, तर केबल किंवा रेडिओ मेला. लिंक आहे पण १ गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर आलीय, तर चारपैकी एखादी जोडी गेली, कारण १०० ला दोनच जोड्या लागतात. माकडानं केबल ओढली की आमच्याकडे पहिली खूण हीच असते. या सगळ्याला एक रुपयाचं जास्तीचं हार्डवेअर लागत नाही.

सांगलीचा_सोल्डर
@तिलारी, केबलपर्यंत तुझं सगळं बरोबर. बॅटरीपाशी गाडी अडते. ट्यूब्युलरवर राउटरचा व्होल्टेज बघून अंदाज यायचा. १२.७ म्हणजे भरलेली, १२ च्या आसपास आली की काळजी. एलएफपीचं तसं नाही. साधारण २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान सेलमागे जेमतेम दशांश व्होल्टचा फरक पडतो. १६ सेल धरले तर दीड-पावणेदोन व्होल्ट. त्यात लोड, चार्जिंग आणि राउटरच्या मापाची चूक मिसळली की आकड्यातून काही निघत नाही. खाली उतार सुरू झाला की मात्र कड्यावरून पडल्यासारखी पडते आणि बीएमएस (बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट) वीज तोडून मोकळा. तुझा अलार्म आणि साइटचा मृत्यू एकाच पोलमध्ये (मापं विचारायच्या फेरीत) दिसतील.

म्हणजे करंट मोजून तो वेळेनुसार बेरजेत धरायला हवा. त्यासाठी शंट, म्हणजे करंट मोजायचा अगदी कमी रोधाचा तुकडा. ५० अँपिअर ७५ मिलिव्होल्टचा शंट बाजारात सहज मिळतो. धागाकर्त्याचा लोड साधारण ५० वॅट धरला तर ५२ व्होल्टला १ अँपिअरच्या आसपास, म्हणजे शंटवर दीड मिलिव्होल्ट. ईएसपी३२ च्या स्वतःच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) हे मोजायचा विचारही करू नका, तो एडीसी सरळ रेषेत चालत नाही.

इथंच नवशिके फसतात. नेटवरच्या बहुतेक प्रकल्पांत आयएनए२१९ किंवा आयएनए२२६ (करंट मोजायच्या चिप) असतो. पहिल्याची बस मर्यादा २६ व्होल्ट, दुसऱ्याची ३६. तुमची बॅटरी चार्ज होताना ५७ पर्यंत जाणार. त्या जागी आयएनए२२८ घ्या. ८५ व्होल्टपर्यंत चालतो, २० बिटचा आहे, आणि चार्ज व ऊर्जेची बेरीज चिपमध्येच करतो. पोल चुकला तरी हिशेब चुकत नाही, हा माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुण.

तीच गत पॉवर सप्लायची. स्वस्तातले एलएम२५९६ चे मॉड्यूल ४० व्होल्टचे असतात. एचव्ही लिहिलेले ६० चे, म्हणजे ५७ ला अगदी काठावर. ७५ किंवा १०० व्होल्ट इनपुटचाच बक (व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर) घ्या.

बावडेकर_नेट
हे उपयोगी आहे, आभार. पण माझ्या बॅटरीच्या बीएमएसवर ब्लूटूथ ॲप आहे, त्यात टक्केवारी दिसते. आरएस४८५ (वायरींवरून डेटा देणारा सिरियल) पोर्टपण आहे. तेच वाचलं तर शंट, चिप वगैरे कशाला?

कॅल्गरीकर
मूळचा इचलकरंजीचा, इकडे अल्बर्टात ग्रामीण वायरलेस पुरवणाऱ्या कंपनीत टॉवरचं काम करतो. तुमच्यासारखाच सोलर-बॅटरीचा खेळ, फक्त आमचा शत्रू थंडी. एलएफपी ० अंशाच्या खाली चार्ज करायची नसते, त्यामुळे आम्हाला बॅटरीचं तापमान आधी आणि बाकी सगळं नंतर. तुम्हाला तो त्रास नाही, सुखी आहात.

बीएमएस जरूर वाचा, पण टक्केवारीसाठी नाही. बऱ्याच बीएमएसना बारीक करंट नीट मोजता येत नाही आणि काही तर ठरावीक मर्यादेखालचा करंट शून्यच धरतात. १०० अँपिअरच्या बीएमएसवर तुमचा लोड १ अँपिअर. पावसात बॅटरी कित्येक दिवस पूर्ण भरत नाही, म्हणजे १०० टक्क्यांवर पुन्हा जुळवून घ्यायची संधीही त्याला मिळत नाही. ॲप ६० दाखवतं आणि साइट बंद पडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. बीएमएसकडून घ्यायचे ते एकेका सेलचे व्होल्टेज. सगळे सेल ३.३० ला आणि एक ३.१० ला दिसला की ती बॅटरी पुढच्या पावसाळ्यात दगा देणार.

शंटसाठी स्वतः चिप सोल्डर करायची नसेल तर व्हिक्ट्रॉनचा स्मार्टशंट बघा. त्याचा व्हीई.डायरेक्ट पोर्ट १९२०० बॉडवर दर सेकंदाला साध्या मजकुरात सगळी मापं ओकत असतो. कोणताही मायक्रोकंट्रोलर ते वाचेल. त्यांच्या एमपीपीटीलाही तोच पोर्ट आहे.

तयार मॉनिटरांपैकी इकडे पॅकेटफ्लक्सचा साइटमॉनिटर बराच दिसतो, एक बेस आणि शेजारी गरजेप्रमाणे जोडायचे विस्तार. टायकॉनच्या डिन रेलच्या डबीत व्होल्टेज, करंट, तापमान आणि रिले एकत्र मिळतात. दोन्ही चांगले. भारतात मागवताना कस्टम, वाट बघणं आणि एखादा जळला तर पुन्हा वाट बघणं, हे गणित तुमचं तुम्हीच मांडा.

एनओसी_ताई
घरी बनवण्याबद्दल एक आक्षेप आहे. @सांगलीचा_सोल्डर, तुमच्या हाताला कला आहे, पण तुम्ही ती कंपनी सोडल्यावर तो बोर्ड कोण दुरुस्त करतं? फर्मवेअरचा सोर्स कुठं आहे, तो कोणत्या व्हर्जनवर बांधला, पिन कोणती कशाला, हे माहीत असलेला माणूस एकटाच असेल तर ती उधारी आहे. नवा मुलगा येतो, पेटी उघडतो, वायरींचं जंजाळ बघतो आणि सगळं तोडून सरळ जोडून येतो. मग आलेख रिकामा.

सांगलीचा_सोल्डर
आक्षेप रास्त आहे. म्हणून मी हल्ली स्वतःचा कोड लिहीतच नाही. ईएसपीहोम (सेटिंगच्या फाइलवरून फर्मवेअर बनवणारं तयार साधन), त्याची एक फाइल, साइटमागे फक्त नाव आणि पत्ता वेगळा. फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात), पेटीच्या झाकणाच्या आत वायरिंगचा लॅमिनेट केलेला कागद, आणि प्रत्येक वायरला फेरूल व नंबर. बोर्ड घेताना इथरनेटवाला घ्यायचा (डब्ल्यूटी३२-ईटीएच०१ किंवा ओलिमेक्सचा पीओईवाला), वायफाय बंद. ओलिमेक्समध्ये आयएसओ लिहिलेला आयसोलेटेड (दोन बाजूंत थेट विद्युत जोड नसलेला) असतो, साधा नसतो, आणि साध्याला पीओई व यूएसबी एकाच वेळी लावायचं नाही.

दुरून फर्मवेअर चढवताना ते बिघडलं तर जुन्यावर परत येण्याची सोय आहे ना, हे टेबलावर मुद्दाम बिघडवून बघायचं. ज्या बोर्डाच्या अपडेटसाठी डोंगर चढावा लागतो तो बोर्ड मॉनिटर म्हणून नापास.

जुना_खांब
मी दूरसंचार खात्यात एक्सचेंजच्या बॅटरी रूम सांभाळण्यात आयुष्य घालवले. आपण सगळे मोजण्याबद्दल बोलत आहात, अर्थिंगबद्दल कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो.

आपली सोलर साइट निगेटिव्ह अर्थ असेल. पण उद्या एखाद्या टॉवर कंपनीच्या जागेत भाड्याने रॅक घेतलात, तर तिथला प्लांट उणे ४८ व्होल्टचा, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ असतो. टेलिफोनच्या जमान्यापासून तसेच चालत आले आहे. तुमच्या घरगुती बोर्डाचा ग्राउंड हा बॅटरीचा निगेटिव्ह आणि तोच शिल्डेड केबलच्या जाळीतून टॉवरच्या अर्थला चिकटलेला. तिथे बोर्ड जोडलात की सरळ शॉर्ट. अशा जागी आयसोलेटेड डीसी-डीसी आणि आयसोलेटेड आरएस४८५ याला पर्याय नाही. खरे तर सोलर साइटवरही हेच करावे. एमपीपीटी, बीएमएस, शंट, स्विच हे चार वेगवेगळ्या वाटांनी एकमेकांना जोडले गेले की ग्राउंडमधून करंट कुठून कुठे जाईल ते ब्रह्मदेव जाणे.

दुसरे, वळिवाच्या विजा. एप्रिल-मे आणि पुन्हा परतीच्या पावसात सह्याद्रीच्या माथ्यावर काय कडकडाट असतो ते बावडेकरांना ठाऊक आहे. लांब सेन्सर वायर ही वीज पेटीत आणण्याची उत्तम सोय आहे. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर दहा मीटर वायरवर बाहेर लोंबकळत ठेवू नये. तापमान हवे तर बॅटरीच्या अंगाला चिकटवावे, वायर पेटीच्या आतच राहू द्यावी. रेडिओच्या केबलला सर्ज प्रोटेक्टर, आणि टॉवर, सोलरचा सांगाडा व पेटी यांचे अर्थ एकमेकांना जोडलेले. तीन खड्डे खणून तीन वेगळे अर्थ ठेवले तर वीज पडते तेव्हा त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो, आणि तो फरक तुमच्या इथरनेट पोर्टमधून वाट काढतो.

तिसरे, ज्यांच्याकडे अजून लेड-ॲसिड आहे त्यांनी लिथियमच्या चर्चेने निराश होऊ नये. चार बॅटऱ्यांच्या सिरीजला प्रत्येकीचा व्होल्टेज वेगळा मोजा. एकूण ४९ दिसतो आणि सगळे ठीक वाटते, पण आत तिघी १२.६ आणि एक ११.२ असते. निव्वळ मधल्या सांध्याचा व्होल्टेज पाहिला तरी दोन जोड्यांतला फरक उघडा पडतो.

तिलारी
काकांची तिसरी गोष्ट सोन्यासारखी. स्मार्टशंटच्या जादा इनपुटवर मिडपॉइंट लावायची सोय आहेच.

आरएस४८५ वरून आठवलं. ईपीएव्हरच्या ट्रेसर मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलचा आरएस४८५ हा आरजे४५ जॅकवर येतो, मॉडबस, ११५२०० बॉड. तो इथरनेट नाही! पेटीत अंधारात काम करणाऱ्या पोरानं त्यात पीओईची केबल खुपसली की कंट्रोलरचा तो पोर्ट गेला. जॅकवर लाल टेप आणि 'नेट नाही' असं मार्करनं लिहून ठेवा.

बावडेकर_नेट
बरं, रिलेचं काय? जुन्या बोर्डावर दोन रिले आहेत, एक बॅकहॉल (साइटला पुढच्या साइटशी जोडणाऱ्या) रेडिओला आणि एक राउटरला. नव्या रचनेत पीओई स्विच पोर्ट बंद-चालू करेल, पण खुद्द स्विच अडकला तर?

कॅल्गरीकर
स्विच आणि राउटरसाठी एक रिले हवाच. नॉर्मली क्लोज्ड संपर्कावर जोडा. रिलेला करंट दिला तरच वीज तुटेल असं. मॉनिटर मेला तरी साइट चालू राहते. उलट जोडलात तर दोनशे रुपयांचा बोर्ड जळून अख्ख्या खोऱ्याचं इंटरनेट जातं. रिलेचं डीसी रेटिंग बघा. २५० व्होल्ट एसी १० अँपिअर लिहिलेला साधा रिले ३० व्होल्ट डीसीपर्यंतच १० अँपिअरचा असतो, ५७ व्होल्ट डीसीला ठिणगी विझत नाही आणि संपर्क चिकटतात. मॉस्फेट स्विच बरा, पण तो वीज नसताना चालू स्थितीत राहील अशी रचना करा.

एनओसी_ताई
आणि तो रिले कोणाच्या हुकुमानं हलतो ते पक्कं करा. वॉचडॉगनं (लिंक तपासत राहणाऱ्या प्रोग्रामनं) ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करायचं आणि उत्तर नाही आलं की रिस्टार्ट, ही पद्धत मी ज्या साइटवर बघते तिथं काढून टाकते. वरचा फायबर तुटला की खालच्या सगळ्या साइट एकाच वेळी दर पाच मिनिटांनी स्वतःला रिस्टार्ट करत बसतात. पिंग शेजारच्या हॉपला (लागूनच्या साइटला) करा. उत्तर न मिळाल्यास एकदा रिस्टार्ट, मग अर्ध्या तासानं एकदा, मग थांबा. आणि बॅटरी खाली असताना रिस्टार्ट अजिबात नाही. चालू होताना रेडिओ जास्त करंट ओढतो आणि बीएमएस तोडायला निमित्तच शोधत असतो.

श्रीवर्धन_लिंक
उशिरा आलो. एक मुद्दा राहिलाय. हे सगळं मोजून ते खाली येणार कुठून? त्याच बॅकहॉलवरून. बॅकहॉल गेला की मॉनिटर मुका. म्हणून आम्ही प्रत्येक मुख्य साइटवर सिम टाकलं आहे. जुने सिम८०० वाले बोर्ड २जीचे आहेत, त्यात जिओ चालणारच नाही कारण त्यांच्याकडे २जी नाही. ४जी मॉड्यूल घ्या. मोबाइलवर सार्वजनिक आयपी सहसा मिळत नाही, त्यामुळे बाहेरून आत शिरता येत नाही. साइटनंच तुमच्या सर्व्हरकडे वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन) काढायला हवा, राउटरओएस सातमध्ये ते सोपं आहे. सिमची व्हॅलिडिटी कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा, नाहीतर गरजेच्या दिवशीच ते बंद सापडतं.

पण सिमवर फार विसंबू नका, हेही सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. खांब पडले, कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे टॉवरही बंद. त्या काळात सिम असून उपयोग नव्हता. तेव्हापासून माझा आग्रह असा की मॉनिटरनं मापं स्वतःजवळ साठवावीत. घड्याळाची चिप आणि थोडी फ्लॅश एवढंच लागतं. लिंक परत आली की मागचं सगळं पाठवून द्यायचं. साइट नेमकी कशी मेली, बॅटरी संपून की स्विच जळून, हे नंतर तरी कळतं.

दोन टेकड्या एकमेकींना दिसत असतील तर लोराचा (कमी विजेवर, कमी वेगानं लांबवर बोलणाऱ्या रेडिओचा) विचार करा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ परवानामुक्त आहे. बॅटरीचे चार आकडे पाठवायला तेवढी रुंदी पुष्कळ, आणि ते मुख्य लिंकच्या हार्डवेअरपासून पूर्ण वेगळं राहतं. लोराची स्वतःची छोटी बॅटरी ठेवली तर मोठी बॅटरी तुटल्यावरही तो शेवटचा निरोप देतो. मॉड्यूल ८६८ चा म्हणून विकतात, चॅनल मात्र भारताच्या पट्ट्यातलेच ठेवा.

सांगलीचा_सोल्डर
लोरा +१. आणि ट्रॅप (बोर्डानं आपणहून पाठवलेला इशारा) वापरणार असाल तर एसएनएमपीचा ट्रॅप यूडीपीवर जातो, पोचला की नाही याची पावती नसते. व्हर्जन २ पासून 'इन्फॉर्म' आहे, तो पावती मागतो. किंवा सरळ एमक्यूटीटी (निरोप पाठवायची हलकी पद्धत) वापरा, क्यूओएस १ वर, म्हणजे पावती मिळते.

मिरज_जंक्शन
सुरक्षेचं थोडक्यात. बोर्ड नवा असो की जुना, तो मॅनेजमेंट व्हीलॅनमध्येच (ग्राहकांपासून वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये). एसएनएमपीची कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द) 'पब्लिक' ठेवून ग्राहकांच्या नेटवर्कमधून दिसणारे मॉनिटर मी स्वतः बघितलेत, आणि त्यांना रिले होते! म्हणजे गावातला कोणीही पोरगा टॉवर बंद करू शकतो. मायक्रोटिकच्या विनबॉक्सचं (राउटर सांभाळायच्या प्रोग्रामचं) २०१८ सालचं सुरक्षेतलं भोक अजून काही राउटरवर उघडं असेल. मॉनिटरिंगच्या निमित्तानं प्रत्येक साइटला हात लावणारच आहात, तर राउटरओएसही त्याच फेरीत नवं करा.

अवांतर: वैभववाडीत मासे कुठं चांगले मिळतात?

तिलारी
@मिरज_जंक्शन, वैभववाडीत नाही, खाली कणकवलीला ये. वेगळा धागा काढ.

बावडेकर_नेट
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता अलार्म किती व्होल्टला लावू?

एनओसी_ताई
व्होल्टला लावू नका, वेळेला लावा. सकाळी अकरापर्यंत बॅटरीचा करंट उणेवरून अधिककडे वळला नसेल तर पिवळा. सलग दोन दिवस बॅटरी भरल्याची खूण आली नाही तर नारिंगी. उरलेले एएच भागिले सध्याचा लोड, हा आकडा २४ तासांखाली आला की लाल, आणि तेव्हा दुय्यम सेक्टर (ग्राहकांना नेट देणारे रेडिओ) आपोआप बंद करून फक्त बॅकहॉल जिवंत ठेवा. तुमच्या बॅटरीचं गणित बघा: ५१.२ गुणिले १०० म्हणजे ५१२० वॅट-तास, ८० टक्के वापरले तर ४०९६. ५० वॅटला ८० तासांच्या वर. जुन्या २४ व्होल्ट १५० एएचच्या जोडीतून निम्मेच काढता येत होते, १८०० वॅट-तास, म्हणजे ३६ तास. बावड्याच्या जुलैत ८० तास हेही फार नाहीत. पण लाल अलार्मपाशी निम्मे सेक्टर उतरवले तर तेवढीच बॅटरी आणखी बरीच पुरते. यासाठीच करंट मोजायचा.

झाडाच्या फांदीसारखं अवलंबित्वही नोंदवा. वरची साइट पडली की खालच्यांचे अलार्म दाबले गेले पाहिजेत. लिब्रेएनएमएस आणि झॅबिक्स दोन्हींत ते आहे. रात्री दोनला चाळीस निरोप आले की माणूस फोन उलटा ठेवून झोपतो.

बावडेकर_नेट
ठरलं असं: परदेशी बोर्ड नाही. मुख्य तीन साइटवर स्मार्टशंट आणि ईएसपीहोमवाला इथरनेट बोर्ड, बीएमएस आरएस४८५ वरून, सगळं आयसोलेटेड. बाकीच्या लहान साइटवर तूर्त राउटरचा पीओई करंट आणि एमपीपीटी, तिथं ट्यूब्युलर आहेत तोवर मिडपॉइंट. लोरा पुढच्या उन्हाळ्यात. पहिली साइट गणपतीनंतर, पाऊस कमी झाला की.

पेटीत ओल फार धरते आमच्याकडं. बोर्डांवर काही मारता का?

सांगलीचा_सोल्डर
कॉन्फॉर्मल कोटिंगचा स्प्रे, कनेक्टर आणि स्मार्टशंटचे बोल्ट टेपनं झाकून. केबल ग्लँड पेटीच्या तळालाच, बाजूला नको, आणि प्रत्येक केबलला आत शिरण्याआधी खाली झोळ. तळाला एक ब्रीदर व्हेंट लावा, पूर्ण बंद पेटीत रात्री दव सुटतं. भोकं जाळीनं बुजवा. पाल आत शिरून टर्मिनलवर आडवी झाली की शॉर्ट ठरलेला.

जुना_खांब
आणि फ्यूज. लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर देऊ शकते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपाशी, डीसीला योग्य आणि तेवढा करंट तोडू शकणारा. घरातला एसी एमसीबी तिथे चालत नाही. व्होल्टेज मोजायच्या बारीक वायरलाही बॅटरीच्या टोकाशी १ अँपिअरचा वेगळा फ्यूज हवा, बोर्डाच्या टोकाशी नव्हे. ती वायर पेटीच्या धारेला घासली तर बोर्ड वाचेल, पण वायर पेटेल.

बावडेकर_नेट
मोजमापाच्या वायरींचे फ्यूज यादीत नव्हतेच, आता घातले काका. मिडपॉइंटच्या वायरलाही तोच १ अँपिअर चालेल ना?

जुना_खांब
चालेल. तिथे करंट मिलिअँपिअरमध्येच असतो. फ्यूज होल्डर झाकणवाला घ्या आणि मिडपॉइंटची वायर वेगळ्या रंगाची ठेवा, निळी किंवा पिवळी. लाल-काळ्यात ती मिसळली की पुढचा माणूस तिला निगेटिव्ह समजतो.